हे ड्रिल माझेच, हे सिद्ध कसे करायचे? हत्यारांवर खूण करण्याचे मार्गदर्शन

दादरच्या एका जुन्या इमारतीत फ्लॅटच्या नूतनीकरणाचे काम सुरू असताना आमच्या कुलूपबंद खोलीतून एका रात्रीत दोन ड्रिल मशीन, एक मार्बल कटर, एक ग्राइंडर आणि हातहत्यारांची पिशवी चोरीस गेली. अडीच महिन्यांनी पोलिसांनी एका संशयिताकडून जप्त केलेला माल ओळखण्यासाठी मला बोलावले, तेव्हा टेबलावर एकाच कंपनीची, एकाच रंगाची पाच ड्रिल मशीन ओळीने मांडलेली होती. त्यांतील दोन माझी असावीत असे मला वाटत होते, परंतु ‘कशावरून?’ या अधिकाऱ्यांच्या साध्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. बिले होती, पण त्यांवर मशीनचे क्रमांक नव्हते. त्या साऱ्या मालातून मी खात्रीने उचलू शकलो अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे माझ्या वडिलांचा रंधा. त्याच्या पात्याच्या वरच्या टोकावर त्यांनी फार पूर्वी पंचने, म्हणजे टोकाला अक्षर असलेल्या पोलादी ठोकणीने, आपली आद्याक्षरे ठोकून ठेवली होती. वडील गिरणीच्या वर्कशॉपमध्ये होते. तिथे प्रत्येक पान्यावर गिरणीची खूण असे आणि हत्यार घेताना आपल्या क्रमांकाचे पितळी टोकन खिडकीवर ठेवावे लागे. ती शिस्त त्यांनी घरच्या हत्यारांनाही लावली होती, मी मात्र लावली नव्हती.

नव्याने स्वतःचे काम सुरू करणारे सुतार, वायरमन, प्लंबर, फॅब्रिकेटर आणि छोटे कंत्राटदार यांच्यावर अशी वेळ येऊ नये म्हणून मी पुढे काय केले, ते क्रमाने लिहीत आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. खूण म्हणजे कुलूप नव्हे. ती चोराचा हात धरत नाही. तिचा उपयोग असा की, हत्यार तिसऱ्या माणसाच्या हातात गेल्यावर तो माणूस दुकानदार असो, पोलीस असो वा न्यायाधीश, ते कोणाचे आहे हे त्याला तुमच्या शब्दावर विसंबून न राहता कळते. यासाठी हत्यारावरची खूण आणि तुमच्याकडची नोंद एकमेकींशी जुळावी लागते. नोंदीशिवाय खूण लंगडी पडते, आणि खुणेशिवाय नुसत्या बिलाचे काय होते ते मी पाहिलेले आहे.

१. आधी मोजणी करा

एक दिवस काम बंद ठेवून सगळी हत्यारे एका सतरंजीवर मांडा. चोरीनंतर पोलीस ठाण्यात बसून नेमके काय काय गेले हे आठवणे फार अवघड असते. मला स्वतःला पिशवीतल्या दोन पकडी आणि एक टेस्टर चार दिवसांनी आठवला. प्रत्येक वस्तूला एकपासून पुढे क्रमांक द्या. यंत्राची बॅटरी, चार्जर आणि यंत्र या तीन वेगळ्या वस्तू समजा, कारण चोरीनंतर त्या बहुधा वेगवेगळ्या विकल्या जातात आणि नुसत्या बॅटरीलाही चांगली किंमत मिळते.

मोबाइलला पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक असतो आणि तो हरवल्यास देशभर बंद करण्याची सरकारी सोय आहे. ड्रिल मशीनला तशी सोय नाही. तिच्यावर कंपनीचा अनुक्रमांक असतो, पण तो बहुतेक वेळा चिकटवलेल्या पट्टीवर असतो आणि घाम, ग्रीस व सिमेंटच्या धुळीने वर्षभरात पुसट होतो. म्हणून मोजणीच्या दिवशीच तो वाचून लिहून घ्या आणि त्याचा जवळून फोटो काढा.

२. खुणेत काय लिहायचे ते ठरवा

या टप्प्यावर सर्वाधिक चुका होतात. मी पाहिलेल्या हत्यारांपैकी निम्म्यांवर ‘ॐ’, ‘साई’ किंवा ‘श्री’ असे लिहिलेले असते. श्रद्धा म्हणून ते योग्य आहे, पण ओळख म्हणून त्याचा काही उपयोग नाही, कारण मुंबईत शेकडो पेट्यांवर हेच शब्द असतात. नुसते पहिले नाव किंवा नुसते आडनाव लिहिणेही तितकेच अपुरे ठरते.

मी वापरतो ती पद्धत अशी : नाव, वडिलांचे नाव व आडनाव यांची तीन आद्याक्षरे, त्यापुढे मोबाइल क्रमांकाचे शेवटचे सहा आकडे, आणि शेवटी यादीतील त्या वस्तूचा क्रमांक. मोठ्या यंत्रांवर, शिडीवर आणि पेटीवर मात्र पूर्ण दहा आकडी मोबाइल क्रमांक लिहितो, कारण लोकलमध्ये विसरलेली पिशवी एखाद्या प्रामाणिक प्रवाशाच्या हाती लागली तर त्याला फोन करता आला पाहिजे. अक्षरे रोमन आणि आकडे इंग्रजी ठेवा. बाजारात मिळणारे पंच त्याच लिपीचे असतात, आणि या शहरात ते वाचणारा माणूस कोणत्या भाषेचा असेल हे आपल्या हातात नसते.

आधार किंवा पॅन क्रमांक हत्यारावर कधीही कोरू नका. ते हत्यार अनोळखी हातांत फिरणार असते, आणि त्या क्रमांकावरून कोणी सामान्य माणूस तुमच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. घराचा पत्ताही टाळा. पिशवी चोरणाऱ्याला खोलीचा रस्ता दाखवण्याचे कारण नाही.

३. साहित्य आणून ठेवा

हे सर्व नागदेवी स्ट्रीटला किंवा जवळच्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते.

– पोलादी अक्षर व आकडे पंचचा संच. हातहत्यारांसाठी ३ मिलिमीटर, जाड लोखंडासाठी ६ मिलिमीटर
– कार्बाइड टोकाचे विजेवर चालणारे कोरणी यंत्र, म्हणजे एनग्रेव्हर; चारपाच जणांनी मिळून एक घेतले तरी पुरते
– दोन वेगळ्या रंगांचे ऑइल पेंटचे छोटे डबे आणि बारीक ब्रश
– पॉलिश पेपर, स्पिरिट, सुती कापड
– अतिनील प्रकाशात दिसणाऱ्या शाईचे पेन आणि त्याची छोटी टॉर्च
– डोळ्यांसाठी संरक्षक चष्मा
– पुठ्ठ्याची वही

४. प्रत्येक हत्यारावर त्याच्या जातीप्रमाणे खूण करा

साध्या लोखंडाची वस्तू असेल तर पंच सर्वांत उत्तम. त्यामागे कारण आहे. पंच ठोकल्यावर अक्षराच्या खालचा धातूही खोलवर दाबला जातो. चोराने वरचा थर कानसीने घासून अक्षर दिसेनासे केले, तरी खालचा दाबलेला भाग आजूबाजूच्या धातूपेक्षा वेगळा राहतो, आणि योग्य आम्ल लावल्यास अक्षर पुन्हा उमटू शकते. वाहनांचे खोडलेले चॅसी क्रमांक याच तत्त्वावर शोधले जातात. मुंबईत कलिना येथे राज्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. एका पान्यासाठी तेवढा खटाटोप होईल अशी अपेक्षा धरू नये, पण रंगाची खूण थिनरच्या एका बोळ्याने जाते आणि पंचची खूण जात नाही, हा फरक मोठा आहे.

आधी भंगारातल्या पट्टीवर सराव करा. हत्यार पक्क्या ऐरणीवर ठेवा, पंच सरळ उभा धरा आणि एकच ठाम ठोका द्या. दुसरा ठोका दिला की अक्षर दुहेरी उमटते. डोळ्यांवर चष्मा हवाच. कानस, पटाशीची धार, हातोड्याचे तोंड, ड्रिलची पाती अशा कडक पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून कठीण केलेल्या, भागांवर पंच अजिबात मारू नका. पंचचे किंवा हत्याराचे तुकडे उडून डोळा जाऊ शकतो. बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) वस्तूंवरही जोराचा ठोका नको, कारण बीड तडकते. अशा ठिकाणी कोरणी यंत्र वापरा. पान्यांवर ते दांड्याच्या मधोमध चालवा. क्रोमचा थर फुटल्यामुळे आपल्या दमट हवेत तिथे गंज धरतो, म्हणून कोरून झाल्यावर त्यावर तेलाचा हात फिरवा आणि पावसाळ्यात अधूनमधून तसे करीत राहा.

विजेच्या यंत्रांच्या बाबतीत अधिक काळजी घ्यावी लागते. सर्वप्रथम प्लग किंवा बॅटरी काढा. ज्या यंत्राच्या पट्टीवर एका चौकोनात दुसरा चौकोन असे चिन्ह असते, त्याचे प्लास्टिकचे आवरण हाच शॉकपासून बचाव करणारा एक थर असतो. त्यावर वरवर कोरा, आरपार भोक पडेल इतके खोल जाऊ नका. हवेच्या झरोक्यांपासून दूर राहा, नाहीतर भुसा मोटारीत जातो. कंपनीची पट्टी झाकू नका आणि तिच्यावर कोरू नका. तसे केल्यास वॉरंटीच्या वेळी अडचण येऊ शकते. बॅटरीवर कोरणेही टाळा आणि तापलेल्या सोल्डरिंगने डाग देणे तर पूर्णपणे टाळा. तिथे पक्की शाई आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी पुरे.

वायरमन मंडळींनी एक गोष्ट कधीही विसरू नये. १००० व्होल्टचे चिन्ह असलेल्या पकडी व स्क्रू ड्रायव्हर यांच्या मुठीवर कोणतीही कोर किंवा चीर देऊ नका. ती मूठ तुमचा जीव वाचवण्यासाठी आहे आणि तिला चीर पडली की ते हत्यार चालू लाइनवर वापरण्यालायक राहत नाही. तिथे रंगाचा पट्टा द्या, आणि कोरायचेच असेल तर जबड्याच्या उघड्या धातूवर.

गुण्या, स्पिरिट लेव्हल, व्हर्नियर यांच्या मापाच्या कडा सोडून खूण करा. लाकडी मुठींना तापवलेल्या लोखंडाचा डाग चांगला बसतो. ग्राइंडरच्या चकतीवर कोरू नका. तिला ओरखडा जाणेही धोक्याचे असते.

५. एक खूण उघडी ठेवा, एक लपवा

उघडी खूण चोरासाठी आणि माल विकत घेणाऱ्यासाठी असते. पाच पावलांवरून दिसेल असा दोन रंगांचा पट्टा द्या. पृष्ठभाग आधी पॉलिश पेपरने किंचित खरवडून स्पिरिटने पुसला नाही, तर रंग महिनाभरात पापुद्र्यासारखा निघतो. प्लास्टिकवर थिनर वापरू नका, काही प्लास्टिक त्याने विरघळते. लाल आणि पिवळा पट्टा अनेक जण देतात, म्हणून थोडी वेगळी जोडी निवडा. पेटीवर ‘या पेटीतील प्रत्येक हत्यारावर मालकाचा क्रमांक कोरलेला आहे’ असे ठळक लिहा. हे वाक्य शोभेसाठी नाही. वस्तूंवर खूण करण्याच्या मोहिमा अमेरिकेत १९६० च्या दशकापासून चालत आल्या आहेत. ब्रिटनमध्ये ग्लोरिया लेकॉक यांनी दक्षिण वेल्समधील अशा मोहिमेचा अभ्यास केला आणि तो १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या घरांनी वस्तूंवर खुणा करून दारावर तसा फलक लावला, त्यांच्याकडच्या घरफोड्या त्यात कमी झालेल्या आढळल्या. तो अभ्यास घरांचा होता, बांधकामाच्या साइटचा नव्हता. तरीही खूण आहे हे चोराला आधी दिसले पाहिजे, ही त्यातली गोष्ट आपल्यालाही लागू पडते असे माझे मत आहे.

लपवलेली खूण तुमच्यासाठी आणि पोलिसांसाठी. बॅटरी बसते त्या खाचेच्या आत, बाजूच्या मुठीच्या पट्ट्याखाली, रंध्याच्या पात्याखाली झाकला जाणारा भाग, पेटीच्या तळाची आतील बाजू या जागा चांगल्या. वॉरंटीत असलेले यंत्र त्यासाठी खोलू नका. अतिनील शाई उन्हाने फिकी पडते, म्हणून ती झाकलेल्या जागीच वापरा आणि वर्षातून एकदा टॉर्च लावून तपासा. लपवलेली खूण कुठे आहे हे साइटवर कोणाला सांगू नका, अगदी विश्वासू माणसालाही नाही. त्याच्यावर अविश्वास आहे म्हणून नव्हे, तर पुढे तो संशयाच्या फेऱ्यात येऊ नये म्हणून.

६. वही, फोटो आणि बिले

वहीत प्रत्येक वस्तूसाठी एक ओळ ठेवा : क्रमांक, वस्तूचे नाव, कंपनी व मॉडेल, कंपनीचा अनुक्रमांक, खरेदीची तारीख व किंमत, उघडी खूण, लपवलेली खूण. मग तीन फोटो काढा : पूर्ण वस्तू, अनुक्रमांकाची पट्टी आणि खूण. फोटो स्वतःलाच ई-मेल करून ठेवा. त्यामुळे फोन पिशवीसोबत गेला तरी ते राहतात, आणि खूण चोरीच्या आधीपासून होती हे तारखेसह दाखवता येते. जुन्या हत्यारांवरचे ओरखडे, बदललेली वायर, वितळलेला कोपरा यांचेही फोटो घ्या. पाच सारख्या यंत्रांतून आपले यंत्र ओळखताना अशीच एखादी गोष्ट उपयोगी पडली असती, हे मला फार उशिरा कळले.

नवीन यंत्र घेताना शंभर-दोनशे रुपये वाचतात म्हणून कच्चे बिल घेऊ नका. जीएसटीचे पक्के बिल घ्या आणि त्यावर यंत्राचा अनुक्रमांक लिहून देण्याची विनंती दुकानदाराला करा. गर्दीच्या वेळी तो टाळाटाळ करील, तरी तेवढा वेळ थांबा. कंपनीकडे वॉरंटीची नोंदणी होत असेल तर तीही करा. तिथे तो क्रमांक तुमच्या नावावर चढतो.

७. साइटवर आणि प्रवासात

मोठ्या इमारतीत प्रवेश करताना गेटवरच्या आवक-जावक रजिस्टरमध्ये हत्यारांची नोंद करून घ्या आणि नुसते ‘मशीन १’ असे न लिहिता तुमचा खुणेचा क्रमांक लिहा. बाहेर जाताना वॉचमन तपासणी करतो, तेव्हा ती नोंद तुमच्याही बाजूने बोलते. हत्यार कोणाला उसने दिल्यास वहीत तारीख आणि सही घ्या.

लोकलच्या मालडब्यात पिशवी दाराजवळ ठेवून आत सरकू नका. ब्लूटूथचा शोधक टॅग पिशवीच्या अस्तरात शिवला तर मुंबईसारख्या गर्दीच्या शहरात तो बऱ्यापैकी काम करतो, कारण तो आसपासच्या फोनवर अवलंबून असतो. मात्र तो एखादे ठिकाण दाखवू लागला म्हणून एकट्याने तिथे जाऊ नका. ती माहिती पोलिसांना द्या.

८. चोरी झाल्यास त्याच दिवशी काय करावे

खोलीतील काही हलवू नका. फोटो काढा, ११२ वर कळवा आणि ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत चोरी झाली तिथे जा. गाडीत किंवा स्थानकात चोरी झाली असेल तर लोहमार्ग पोलिसांकडे जा. पिशवी केवळ विसरली असेल तर रेल्वेच्या १३९ या क्रमांकावर कळवा. हद्दीवरून अडवले गेल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ लक्षात ठेवा. दखलपात्र, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकतात अशा, गुन्ह्याची माहिती कोणत्याही हद्दीतील ठाण्यात देता येते, ऑनलाइन दिल्यास तीन दिवसांत सही करावी लागते आणि एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. नोंद घेण्यास नकार मिळाल्यास परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना लेखी कळवता येते.

सोबत न्यायची कागदपत्रे : ओळखपत्र, हत्यारांच्या यादीच्या दोन प्रती, बिलांच्या प्रती, खुणांचे फोटो, साइटवर काम करीत असल्याचा पुरावा म्हणजे वर्क ऑर्डर किंवा मालकाचे पत्र, आणि गेट रजिस्टरच्या पानाचा फोटो.

येथे तीन सापळे आहेत. पहिला, ‘हरवल्याची’ ऑनलाइन नोंद. ती सोपी असते, तिचा कागद लगेच मिळतो आणि काम झाले असे वाटते. परंतु ती चोरीची फिर्याद नव्हे आणि तिच्यावर तपास होत नाही. चोरी झाली असेल तर चोरी असेच लिहा. दुसरा, किंमत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहिता व नागरिक सुरक्षा संहितेनुसार साध्या चोरीतील माल ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल तर तो गुन्हा अदखलपात्र ठरतो, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. बिले हाती नसताना घाईने अंदाजे कमी आकडा सांगू नका, आणि वाढवूनही सांगू नका. वस्तू राहत्या घरातून, माल ठेवण्याच्या इमारतीतून किंवा प्रवासी वाहनातून गेली असेल तर न्याय संहितेचे कलम ३०५ लागू होते आणि त्याची शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. म्हणून चोरी नेमकी कुठून झाली, कुलूप होते का, हे स्पष्ट लिहा. तिसरा सापळा भाषेचा. आपण बोलताना ‘हत्यारे’ म्हणतो, पण पोलिसांच्या कागदात त्या शब्दाचा अर्थ शस्त्र असा होऊ शकतो. फिर्यादीत ‘कामाची अवजारे’ आणि पुढे प्रत्येक वस्तूचे नाव लिहा. यादी फिर्यादीला जोडली जाईल आणि खुणांचा उल्लेख मजकुरात येईल, याची सही करण्यापूर्वी खात्री करा.

नंतर खुणांचे फोटो ओळखीच्या दुरुस्तीवाल्यांकडे, जुन्या यंत्रांच्या दुकानदारांकडे आणि कारागिरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाठवा. मात्र त्यांत लपवलेल्या खुणेचा फोटो नसावा. ती ओळख पटवण्याच्या वेळेसाठी राखून ठेवा.

९. माल सापडल्यावर

जप्त झालेला माल मुद्देमाल, म्हणजे खटल्यातील पुराव्याची वस्तू, म्हणून पोलिसांकडे राहतो आणि तो परत मिळवण्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. खटला संपेपर्यंत थांबावे लागेल असे कोणी सांगितले तर निराश होऊ नका. सुंदरभाई अंबालाल देसाई या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले आहे की, मुद्देमाल विनाकारण पडून राहू नये. पंचनामा करून, फोटो घेऊन आणि बंधपत्र लिहून घेऊन तो मालकाला द्यावा. अर्जाला एफआयआरची प्रत, बिल आणि वहीतील ओळीची प्रत जोडा. ओळख पटवताना आधी लपवलेली खूण कुठे आहे ते तोंडी सांगा आणि मग ती अधिकाऱ्यांना स्वतः उघडून पाहू द्या. परत मिळालेले हत्यार न्यायालय मागेल तेव्हा हजर करावे लागते, म्हणून ते त्या काळात विकू नका आणि त्यावरची खूण बदलू नका.

१०. जुने हत्यार घेताना व देताना

खूण असलेले स्वतःचे हत्यार विकताना खूण घासून काढू नका. तिच्यावर एक आडवी रेघ कोरा, घेणाऱ्याला तारखेसह सही केलेली चिठ्ठी द्या आणि वहीत तशी नोंद करा. घेताना याच्या उलट बाजूने पाहा. कुठे ताजे घासलेले आहे, कंपनीची पट्टी खरवडलेली आहे किंवा किंमत नको इतकी कमी आहे, असे दिसले तर ते यंत्र तिथेच ठेवा. चोरीचा माल आहे हे माहीत असताना किंवा तसे मानण्यास कारण असताना तो घेतल्यास न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. त्यावर कोणाचा क्रमांक कोरलेला दिसलाच, तर त्या क्रमांकावर एक फोन करून पाहा.